सरकारी आरोग्य विम्यात बाळंतपण कितपत बसते आणि कोणाचे बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहिणीला सातवा महिना लागला आहे, पहिलटकरीण आहे, बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे, आणि सासरच्या केशरी रेशनकार्डावर तिचे नाव अजून चढलेले नाही. अशा स्थितीत पाच लाखांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, तिचे बाळंतपण होईल का, आणि विमा सर्वांनाच लागू झाला असेल तर गरीब घरातील बायकांना आजही बाळंतपणासाठी उसनवारी का करावी लागते, असे विचारले आहे. मी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले असून अलीकडे योजनेच्या प्रकरणांच्या वैद्यकीय छाननीत आहे. त्या दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

आधी नेमके उत्तर. तिचे बाळंतपण सरकारी रुग्णालयात होणार असेल तर विम्याच्या कार्डाची गरजच नाही, कारण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार ते पूर्णपणे मोफत आहे. खासगी रुग्णालयात होणार असेल तर ‘पाच लाखांचे कार्ड आहे’ एवढ्यावर विसंबून राहू नये. साधे बाळंतपण त्यात बसेल असे गृहीत धरणाऱ्या कुटुंबाला प्रसूतीच्या दिवशी डिपॉझिट भरण्यासाठी धावाधाव करावी लागते, हे चित्र नेहमीचे आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 1 जून 2011 पासून देशभर लागू आहे, आणि आश्चर्य असे की चौदा-पंधरा वर्षांनंतरही तो विम्याच्या कार्डाइतका लोकांना ठाऊक नाही. या कार्यक्रमात नॉर्मल प्रसूती, सिझर, औषधे, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी, गरज पडल्यास रक्त, नॉर्मल प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवण, घरून रुग्णालयात, तिथून वरच्या रुग्णालयात आणि शेवटी परत घरी नेण्याची गाडी, हे सगळे विनामूल्य आहे. पुढे त्यात गरोदरपणातील व बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचे उपचार आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचारही आले. महत्त्वाचे म्हणजे इथे उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग विचारला जात नाही, रहिवासी दाखला लागत नाही आणि हे कितवे अपत्य आहे याला अर्थ नाही. सरकारी संस्थेत आलेली प्रत्येक गरोदर स्त्री त्यासाठी पात्र आहे. माझ्या मते आपल्याकडील मातृत्वविषयक योजनांपैकी समतेच्या कसोटीवर सर्वांत भक्कम उतरणारी योजना हीच आहे, आणि ती विमा नाही.

आता विम्याकडे वळू. राज्याची योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर गेली, 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि 2020 पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जुलै 2024 पासून ते पाच लाख झाले आणि शुभ्र रेशनकार्डधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाले. ‘सर्वांना पाच लाख’ हे वाक्य खरे आहे, फक्त ते पाच लाख कशासाठी मिळतात हे त्यात सांगितलेले नाही. योजना पैसे देते ती ठरावीक उपचारांच्या यादीनुसार. मूळ 971 उपचारांच्या यादीत प्रसूतिशास्त्र होते, पण ते गर्भाशय फुटणे, झटके येऊन व्हेंटिलेटर लागणे, वार आधीच सुटून रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडणे अशा जिवावर बेतणाऱ्या अवस्थांपुरते. साधी प्रसूती आणि साधे सिझर त्यात नव्हते. पुढे याद्या वाढत आणि बदलत गेल्या, केंद्राच्या यादीत सिझर आणि जोखमीची प्रसूती यांची पॅकेजेस आली, काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवले गेले. त्यामुळे नातेवाइकांना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: या रुग्णालयाचा प्रसूतिविभाग योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेखाली उपचार करण्यासाठी नोंदलेला, आहे का? फाटकावर योजनेचा फलक असतो, पण अंगीकरण विशेषशाखेनुसार होते. तेच रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असून बाळंतपणासाठी नसू शकते. हे रुग्णालयात योजनेचे काम पाहणारा आरोग्यमित्र सांगू शकतो किंवा 155388 या क्रमांकावर विचारता येते, आणि ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

पॅकेज मंजूर झाले तरी ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पाहण्यासारखे आहे. रुग्ण दाखल झाल्यावर रुग्णालय पूर्वमंजुरी मागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून पुरे केले जातात. उपचार, औषधे, जेवण, परतीचा प्रवासखर्च आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा राज्याच्या पॅकेजमध्ये धरलेला असतो. बाळंतिणीचा धोका मात्र बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत गृहीत धरला जातो, आणि माता मृत्यूची व्याख्याही त्याच मुदतीने केली जाते. दहा आणि बेचाळीस यांतल्या या अंतरात जंतुसंसर्ग होतो, टाके फाटतात, घरी गेल्यावर रक्तदाब चढतो.

रेशनकार्डाचा मुद्दा किरकोळ वाटेल, परंतु छाननीच्या टेबलावर तो रोज समोर येतो. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायचे, त्याचा दाखला तहसील कार्यालयातून घ्यायचा आणि सासरच्या कार्डावर नाव चढवायचे, यात सहज वर्ष निघून जाते. पहिले बाळंतपण नेमके त्याच वर्षात येते. माहेरच्या कार्डावर नाव कमी झालेले, सासरच्या कार्डावर चढलेले नाही, आधारकार्डावर माहेरचे आडनाव, गरोदरपणाच्या नोंदीवर सासरचे. अशी मुलगी आरोग्यमित्राच्या खिडकीशी उभी राहते तेव्हा ती कोणत्याच कुटुंबाची सदस्य नसते, कारण योजनेचे एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे. संगणकावर कुटुंब उघडते, त्यात सासू-सासरे, दीर, नणंद सगळे दिसतात, आणि जिच्यासाठी ते उघडले तिचेच नाव नसते. अपात्र ठरलेली ही मुलगी श्रीमंत नसते, की योजनेबाहेरच्या उत्पन्नगटातलीही नसते. ती फक्त नवी सून असते.

यावर स्वाभाविक सूचना अशी येते की साऱ्या प्रसूती, खासगीसह, सरळ विम्यात घ्याव्यात आणि प्रश्न मिटवावा. हा प्रयोग शेजारच्या गुजरातेत झालेला आहे. 2005 च्या अखेरीस तिथे चिरंजीवी योजना सुरू झाली. सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ पुरेसे नव्हते, म्हणून खासगी डॉक्टरांशी करार करून दारिद्र्यरेषेखालील आणि आदिवासी स्त्रियांची बाळंतपणे त्यांच्याकडे मोफत करून द्यायची, अशी कल्पना होती. पैसे देण्याची रीतही हुशारीने आखलेली होती: प्रत्येक केसचा वेगळा दर नव्हता, तर शंभर प्रसूतींची एक ठोक रक्कम दिली जाई, मग त्यात नॉर्मल किती आणि सिझर किती हे डॉक्टरने पाहावे. सिझर वाढवून पैसे कमावण्याचा मोह त्यामुळे टळतो. प्रारंभी या योजनेचे फार कौतुक झाले. नंतर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे आढळले की योजनेमुळे संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण किंवा कुटुंबांचा खिशातील खर्च यांत लक्षणीय फरक पडल्याचे दिसत नाही. प्रसूती रुग्णालयात होण्याचे प्रमाण त्या काळात योजनेविनाही वाढत होते, आणि योजनेत आलेल्या कुटुंबांकडूनही निरनिराळ्या नावांखाली पैसे घेतले जात होते.

छाननी करणारा माणूस म्हणून मला यात नवल वाटत नाही. ठोक रक्कम दिली की अवघड केस नको होते; रक्तदाब वाढलेली, हिमोग्लोबिन सहावर आलेली किंवा आधी सिझर झालेली बाई ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून सरकारी रुग्णालयाकडे वळवली जाते. प्रत्येक केसचा दर वेगळा ठेवला की उलट होते आणि जास्त दराच्या शस्त्रक्रियेकडे कल जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत देशातील सरकारी संस्थांमध्ये सिझरचे प्रमाण 14.3 टक्के, तर खासगी संस्थांमध्ये 47.4 टक्के होते. हा फरक केवळ स्त्रियांच्या प्रकृतीतील फरकाने पडत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. राज्याच्या मूळ यादीत साधे बाळंतपण का नव्हते याचे एक कारण इथे सापडते: सरकारी रुग्णालयात जे मोफत आहे त्यासाठी खासगीला पैसे द्यायचे, तर आधी खासगीवर नजर ठेवण्याची यंत्रणा हवी, आणि ती आपल्याकडे कच्ची आहे. साध्या बाळंतपणाला विम्याबाहेर ठेवण्याचा निर्णय मला म्हणूनच चुकीचा वाटत नाही. चूक आहे ती अशी की विम्याची जाहिरात होते त्या जोमाने मोफत सेवेची होत नाही, आणि तिच्यातील गळती बुजवली जात नाही. त्याच सर्वेक्षणानुसार सरकारी संस्थेतील एका प्रसूतीवरही कुटुंबाला स्वतःच्या खिशातून देशात सरासरी 2,916 रुपये खर्च करावे लागले. कागदावर शून्य असलेल्या सेवेचा हा खर्च म्हणजे ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी, खासगी सोनोग्राफी, भाड्याची जीप आणि मुलगा झाला म्हणून मागितलेली बक्षिसी.

आता समतेचा मोठा प्रश्न. महाराष्ट्रातील माता मृत्यूचे प्रमाण 2018–20 च्या नमुना नोंदणी पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होते. देशाचे 97, केरळचे 19 आणि आसामचे 195. संस्थात्मक प्रसूती राज्यात सुमारे 95 टक्के आहेत. हे आकडे अभिमानाने सांगण्यासारखे आहेत यात शंका नाही, परंतु ही पाहणी माता मृत्यूचा दर जिल्हावार देत नाही, आणि राज्याच्या सरासरीत पुण्याची बाई आणि नंदुरबारच्या दुर्गम अक्कलकुव्याची बाई एकत्र मोजली जाते. कोण वाचते आणि कोण नाही हे पाहायचे तर जिल्ह्याच्या माता मृत्यू अन्वेषणाच्या बैठकीत बसावे लागते. तिथे पैशाअभावी उपचार नाकारले गेल्याचे प्रकरण क्वचित येते. येते ते असे: घरात निर्णय उशिरा झाला, गाडी उशिरा मिळाली, पोहोचल्यावर भूलतज्ज्ञ नव्हता, रक्त नव्हते, म्हणून वर पाठवले, तिथूनही वर पाठवले.

मेळघाटचे उदाहरण घ्या. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून अवघड केस अमरावतीला हलवायची म्हणजे परतवाड्यामार्गे घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर बाई दोन तासांच्या आसपास दगावू शकते. या दोन तासांत पाच लाखांच्या संरक्षणाचा उपयोग काय? विमा खाटेपाशी सुरू होतो. तिथवर पोहोचेपर्यंतचे सगळे, म्हणजे रस्ता, रुग्णवाहिका, वाटेत हात धरून बसणारी परिचारिका, धारणीतच रक्ताची पिशवी असणे, हे विम्याच्या हप्त्यातून उभे राहत नाही. ते आरोग्यखात्याच्या साध्या अंदाजपत्रकातून उभे राहते किंवा राहत नाही. म्हणूनच मला आदिवासी भागातील माहेरघराची कल्पना कोणत्याही विमा पॅकेजपेक्षा मोलाची वाटते: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात राहण्याची खोली, तारखेच्या काही दिवस आधी बाईने सोबतीला आई किंवा सासू आणि लहान मूल घेऊन येऊन राहायचे, जेवण मिळते, कळा सुरू झाल्या की दार ओलांडले की प्रसूतिगृह. माहेरघरे सगळीकडे सारखी चालत नाहीत, काही ठिकाणी खोली आहे आणि स्वयंपाकाची सोय नाही. पण जिथे नीट चालतात तिथे घरून रुग्णालयात पोहोचण्यातली दिरंगाई मुळातूनच टळते.

दुसरी गोष्ट बुडणाऱ्या मजुरीची, आणि माझ्या अनुभवात ती उपचारांच्या खर्चाइतकीच भारी आहे. खऱ्या अर्थाने मातृत्वाचा सार्वजनिक विमा आपल्याकडे एकच आहे, तो म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या नोंदणीकृत कामगार स्त्रीला त्यात उपचारही मिळतात आणि 26 आठवड्यांचे पूर्ण सरासरी वेतनही. चाकणच्या कारखान्यात कायम नोकरीत असलेली मुलगी बाळाला सहा महिने अंगावर पाजू शकते ती याच्या बळावर. त्याच कारखान्याला डबे पुरवणाऱ्या बाईला यातले काहीच नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे: पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत 5,000 रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्याच्या चौथ्या कलमात, सरकारी नोकरीतील आणि तत्सम लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये देण्याची तरतूद आहे. कायदा ‘प्रत्येक’ म्हणतो आणि योजना पहिले अपत्य आणि दुसरी मुलगी यांवर थांबते, दुसरा मुलगा झाला तर काहीच देत नाही, तिसऱ्या खेपेचा विचारच करत नाही. वैद्यकीयदृष्ट्या चौथ्या-पाचव्या खेपेची, रक्त कमी असलेली बाई पहिलटकरणीपेक्षा कमी जोखमीची नसते. प्रसूतीनंतर रोख रक्कम देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतही महाराष्ट्रासारख्या राज्यांत 19 वर्षांखालील मातेला आणि दोनपेक्षा अधिक जिवंत जन्म असलेल्या मातेला पैसे मिळत नसत. ती अट 2013 मध्ये काढली गेली, आणि तोवर जिला सर्वाधिक गरज तीच वगळली जात होती.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडे पाहिले की हे सगळे एकत्र दिसते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस न गेले की खाडा पडून पैसे कापले जातात. बाई पोटुशी असली तरी आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलते. तिची गरोदरपणाची नोंद बीडच्या उपकेंद्रात, आशाताई तिथे, रेशनकार्ड तिथे, आणि ती स्वतः कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडात. उपचार मोफत करून तिचा खाडा भरून येत नाही. आणि खाडा पडू नये म्हणून ती तपासणीला जात नाही, त्यामुळे रक्तदाब कधी मोजलाच जात नाही.

बहिणीपुरते आता काही व्यवहाराचे सांगतो. माता बाल संरक्षण कार्ड ती सासरहून घेऊन येईल आणि माहेरच्या उपकेंद्रात किंवा नागरी आरोग्य केंद्रात पुन्हा दाखवून नोंद हलवून घेईल, एवढे पहिल्या आठवड्यातच करा. नोंदणी क्रमांक देशभर तोच चालतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते, तिथे एकदा तरी न्यावे आणि जोखीम आहे का हे स्पष्ट विचारून घ्यावे. जोखीम नसेल तर जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय पुरेसे आहे. जोखीम असेल तर सिझरची आणि रक्ताची सोय चोवीस तास असलेले सरकारी रुग्णालय कोणते, हे आजच ठरवून ठेवा. वाटेत दोन ठिकाणी उतरून तिसरीकडे जाण्याची वेळ येऊ देऊ नका. खासगीतच करायचे ठरले तर वर सांगितलेला अंगीकरणाचा प्रश्न विचारून, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. रेशनकार्डावर नाव चढवण्याचा अर्ज सासरी लगेच करायला सांगा. त्याचा उपयोग या बाळंतपणाला झाला नाही तरी बाळाच्या आजारपणाला होईल. मातृवंदना योजनेसाठी आधारशी जोडलेले तिचे स्वतःचे बँक खाते लागते, आणि नावातील फरकामुळे हप्ते अडकतात, म्हणून आधार आणि खाते दोन्हींवर एकच नाव असल्याची खात्री करा.

सरकारी रुग्णालयात बाहेरून औषध आणायला सांगितले तर चिठ्ठी आणि दुकानाची पावती जपून ठेवा, 104 वर तक्रार नोंदवा आणि जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या; पावतीशिवाय केलेल्या तक्रारीचे पुढे काही होत नाही. घरी आल्यावर आशाताई सहा वेळा, म्हणजे 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, आई व बाळाला पाहायला येणे अपेक्षित आहे. बहीण माहेरी असल्यामुळे त्या भागातील आशाला ती आल्याचेच ठाऊक नसते, तेव्हा तुम्हीच कळवा. या काळात ताप, जोराचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा वाढता रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले तर ‘ओली बाळंतीण आहे, बाहेर कशाला काढायची’ असे म्हणत थांबू नका, 108 ला फोन करा. त्या उपचारांनाही तोच मोफत कार्यक्रम लागू आहे.